आई-वडिलांना ॲलर्जी असली की बाळालाही होतेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं. आईला लहानपणापासून दमा, वडिलांना ऋतू पालटला की शिंका आणि डोळ्यांना खाज, मोठ्या मुलीला अंड्याची ॲलर्जी. बाळाच्या गालांवर दीड महिन्यापासून लाल, खरखरीत चट्टे आहेत आणि झोपेत ते गाल अंथरुणावर घासत राहतं. आईने लिहिलं आहे, ‘सिझेरियन झालं, पहिले दोन दिवस पावडरचं दूध द्यावं लागलं, गरोदरपणात मी शेंगदाणे भरपूर खाल्ले. यातलं काय बाळाला भोवणार आहे? आणि आता मी काय काय टाळू?’

तुम्हाला काळजी लागली आहे ती सिझेरियनची, दुधाची आणि शेंगदाण्यांची. चट्ट्यांचा उल्लेख जाता जाता आला आहे. पंचवीसहून अधिक वर्षं लहान मुलांच्या ॲलर्जीचं काम केल्यावर मी हा क्रम उलटा लावीन. तुमच्या बाळाच्या बाबतीत मला सगळ्यांत आधी त्या गालांकडे बघावंसं वाटतं. बाकीच्या तीन गोष्टींचं ओझं तुम्ही उगाच वाहताय, आणि ते का हे पुढे सांगते.

आधी आनुवंशिकतेचं बोलू, कारण तिच्यापुढे आपला इलाज चालत नाही. घरात कुणालाही ॲलर्जी नसली तरी दहा ते वीस टक्के मुलांना कुठली ना कुठली ॲलर्जी होतेच. एका पालकाला असेल तर २० ते ४० टक्के आणि दोघांनाही असेल तर ५० ते ८० टक्के, असे ढोबळ आकडे पाठ्यपुस्तकांत दिलेले असतात. या आकड्यांत इसब, शिंका, दमा, अन्नाची ॲलर्जी असं सगळंच धरलेलं आहे. म्हणजे तुमच्या बाळाला गंभीर अन्नॲलर्जी होण्याची शक्यता ७० टक्के आहे, असा त्याचा अर्थ काढू नका. आई-वडिलांकडून येते ती नुसती प्रवृत्ती. आईला दमा म्हणून मुलाला दमाच, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. आणि ज्या मुलांवर मी उपचार केले त्यांत कितीतरी अशी होती, की ज्यांच्या घरात मागच्या दोन पिढ्यांत कुणाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

ही प्रवृत्ती एकटी काही करू शकत नाही, हे मला ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासामुळे नीट उमगलं. मेलबर्नमध्ये ‘हेल्थनट्स’ नावाच्या प्रकल्पात एक वर्ष वयाच्या पाच हजारांहून अधिक बाळांची तपासणी झाली. नुसत्या रक्ततपासणीवर न थांबता संशय असलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष ते अन्न भरवून बघितलं गेलं. दहा टक्क्यांहून अधिक बाळांना अन्नाची खरीखुरी ॲलर्जी निघाली. त्यातही ज्यांचे आई-वडील पूर्व आशियात जन्मले होते पण बाळ ऑस्ट्रेलियात जन्मलं, त्या बाळांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट होतं. खुद्द त्या आई-वडिलांच्या पिढीत ॲलर्जी फारशी नव्हती. एका पिढीत गुणसूत्रं बदलत नाहीत. बदललं ते जन्मानंतरचं जग: हवा, ऊन, जंतू, अन्न, कातडीला लागणाऱ्या वस्तू. प्रवृत्ती आणि हे नवं जग यांची गाठ पडली तेव्हा ॲलर्जी उभी राहिली.

आता गालांकडे येऊ.

माझ्याकडे असं बाळ आलं की मी आधी हात धुऊन, पुसून बोटांच्या मागच्या बाजूने त्याच्या गालांवरून, कानामागून, मनगटांवरून आणि पायांच्या पुढच्या भागावरून हलकेच हात फिरवते. इसब डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. कातडी बारीक वाळूच्या कागदासारखी लागते. मग लंगोट काढून बघते. आजूबाजूची सगळी कातडी खरखरीत असताना लंगोटाखालचा भाग मात्र मऊ, ओलसर आणि स्वच्छ असेल, तर इसबाची शक्यता बळावते. तिथला ओलावा टिकलेला असतो आणि बाळाची नखंही तिथे पोचत नाहीत. साडेतीन महिन्यांच्या बाळाला हाताने नीट खाजवता येत नाही, म्हणून ते गाल घासतं. तुम्ही लिहिलेलं ते घासणं म्हणजे खाजच आहे.

या कातडीचा अन्नाच्या ॲलर्जीशी संबंध काय, हे समजायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली. पूर्वी आम्हाला वाटायचं, की पोटातून अन्नाची ॲलर्जी होते आणि तिच्यामुळे कातडीवर इसब उठतो. आज चित्र बरंचसं उलटं दिसतं. धडधाकट कातडी म्हणजे नीट लिंपलेली भिंत. त्या भिंतीच्या बांधणीत फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन लागतं. २००६ साली डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला की इसबाचा धोका बराच वाढतो. अशी भिंत भेगाळलेली राहते. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे कण आत शिरतात. हे बाहेरचे कण कुठले? घरात कुणी अंडं किंवा शेंगदाणे खाल्ले की त्यांची प्रथिनं हातांवर, कपड्यांवर, अंथरुणाच्या धुळीत उरतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाहीत, पण तपासली तर सापडतात. बाळाने ते अन्न अजून तोंडात घेतलेलंही नसतं, आणि फाटक्या, सुजलेल्या कातडीतून ते त्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेला भेटतं. सुजलेल्या जागी भेटलेला पाहुणा शत्रू वाटतो. तेच अन्न पोटातून आलं, तर आतड्यातली यंत्रणा त्याला ओळखीचं मानायला शिकते. लंडनचे बालॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी हा विचार मांडला. त्यांच्याच गटाने २००३ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. ज्या मुलांच्या पाणी सुटणाऱ्या, सुजलेल्या कातडीला शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली गेली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. आईने गरोदरपणात शेंगदाणे किती खाल्ले याचा मात्र ॲलर्जीशी संबंध सापडला नाही. तुमची शेंगदाण्यांची काळजी इथे संपते.

मेलबर्नच्या त्याच अभ्यासात इसब असलेल्या बाळांत दर पाचात एकाला शेंगदाणा, अंडं किंवा तीळ यांपैकी कशाची तरी ॲलर्जी होती. इसब नसलेल्यांत हेच प्रमाण पंचवीसांत एक होतं. आणि तिसऱ्या महिन्याच्या आतच इसब सुरू होऊन डॉक्टरांना स्टेरॉइड मलम लिहून द्यावं लागलं, अशा बाळांत जवळपास निम्म्यांना अन्नाची ॲलर्जी निघाली. इसब जितका लवकर आणि जितका तीव्र, तितका धोका मोठा. अन्नॲलर्जीचा अंदाज बांधताना घराण्याच्या इतिहासाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त उपयोगी पडणारा धागा हा आहे. तुमच्या बाळाचे चट्टे दोन महिन्यांच्या वयात सुरू झाले, म्हणून मी घाई करायला सांगते आहे.

मग जन्मापासूनच सगळ्या बाळांना मॉइश्चरायझर चोपडलं तर? हा प्रश्न साहजिक आहे आणि त्यावर मोठे प्रयोगही झाले. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनचा ‘बीप’ हा अभ्यास आला. घराण्यात ॲलर्जी असलेली १,३९४ नवजात बाळं त्यात होती. निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं. दोन वर्षांच्या वयात इसब किती? लावलेल्यांत २३ टक्के, न लावलेल्यांत २५ टक्के. म्हणजे फरक नाहीच, उलट लावलेल्यांत कातडीचे संसर्ग जरा वाढले. चांगल्या कातडीवर रोज काहीतरी थापत राहण्याने इसब टळत नाही, हे त्यातून कळलं. ऑलिव्हसारखी काही तेलं तर नवजात बाळाच्या कातडीतल्या स्निग्ध थराची घडी विस्कटतात. आणि एक गोष्ट प्रत्येक आई-वडिलांना मी हात धरून सांगते: बाळाला काहीही लावण्याआधी स्वतःचे हात धुवा. जेवणाच्या बोटांनी मलम चोळलं, तर आपणच अन्नाचे कण भेगांत भरतो. मलमाच्या डबीत बोट घालू नका, धुतलेल्या चमच्याने काढा.

एकदा इसब झाला, की मग मात्र गोष्ट बदलते. तेव्हा बिनवासाचं, साधं, घट्ट मॉइश्चरायझर हवंच आणि बहुतेक वेळा सौम्य स्टेरॉइड मलमही हवं. स्टेरॉइड हा शब्द ऐकला की घरात सन्नाटा पसरतो, हे मी रोज बघते. कुणीतरी सांगतं, कातडी पातळ होईल, सवय लागेल. मग मलम दोन दिवस लावून बंद होतं, चट्टे परत उठतात, पुन्हा दोन दिवस लावलं जातं, आणि बाळ महिनोन्‌महिने सुजलेल्या कातडीनेच राहतं. त्या सुजेत जे नुकसान होतं, ते योग्य ताकदीचं मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात आणि मुदतीत लावण्यापेक्षा कितीतरी अधिक असतं. जपानमध्ये ७ ते १३ आठवड्यांच्या, इसब असलेल्या ६५० बाळांवर एक प्रयोग झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात इसबावर सुरुवातीपासून जोरदार उपचार केले, दुसऱ्यात नेहमीसारखे, गरजेपुरते. पुढे अंड्याची ॲलर्जी पहिल्या गटात ३१ टक्के आणि दुसऱ्यात ४२ टक्के निघाली. मात्र जोरदार उपचारांच्या गटातल्या बाळांचं वजन आणि उंची किंचित कमी भरली. म्हणून मलम स्वतःच्या मनाने आणायचं नाही आणि शेजारच्या बाळाचंही वापरायचं नाही. पण डॉक्टरांनी दिलेलं मलम भीतीपोटी कपाटातही ठेवायचं नाही.

आता दुसरी मोठी गोष्ट, आणि हे लिहिताना मला माझी सुरुवातीची वर्षं आठवतात. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला दिला होता, की घराण्यात ॲलर्जी असेल तर बाळाला गाईचं दूध एक वर्षापर्यंत, अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नये. जगभर तोच कित्ता गिरवला गेला. मीही तो सल्ला शेकडो घरांना दिला, ठामपणे आणि चांगल्या हेतूने. २००८ मध्ये त्या संस्थेने तो मागे घेतला, कारण उशीर केल्याने ॲलर्जी टळते याला आधार नव्हता. तोवर किती बाळांच्या बाबतीत ते अन्न वेळेवर देण्याची संधी निसटून गेली असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि अजूनही ‘ॲलर्जीचं घराणं आहे, वर्षभर अंडं नको’ असं कुणी सांगताना ऐकलं, की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

त्याच २००८ मध्ये एक लक्षवेधी तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के होती, इस्रायलमधल्या ज्यू मुलांत ०.१७ टक्के. वंश साधारण सारखाच, तरी दहापट फरक. इस्रायलमधली बाळं सात-आठ महिन्यांपासून शेंगदाण्याचा मऊ, विरघळणारा खाऊ खात होती, तर ब्रिटनमधली बाळं त्या वयात शेंगदाणा चाखतसुद्धा नव्हती. यावरून लॅक यांच्या गटाने ‘लीप’ हा प्रयोग आखला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना पाच वर्षांच्या वयापर्यंत आठवड्यातून किमान तीनदा शेंगदाणा दिला, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य केला. २०१५ मध्ये निकाल आला. सुरुवातीची कातडीची चाचणी (शेंगदाण्याचा अंश कातडीत किंचित टोचून गांध उठते का ते बघणं) निगेटिव्ह होती त्या बाळांत, वर्ज्य केलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली आणि खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. ज्यांची चाचणी आधीच थोडी पॉझिटिव्ह होती त्यांच्यातही फरक मोठा होता: ३५.३ आणि १०.६. याच मुलांना पुढे किशोरवयात पुन्हा तपासलं, तेव्हाही लहानपणी खाल्लेल्यांचा फायदा टिकून होता. मधल्या वर्षांत त्यांनी शेंगदाणे नियमित खाल्ले की नाही, यावर तो अवलंबून नव्हता. लहानपणाच्या त्या थोड्या वर्षांत यंत्रणा जे शिकते, ते ती विसरत नाही.

अंड्याचंही असंच आहे, पण तिथे शिजवण्याला फार महत्त्व आहे. जपानमध्येच इसब असलेल्या बाळांचा इसब आधी आटोक्यात आणून सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोड्या मापाने दिली. वर्षाच्या वयात अंड्याची ॲलर्जी दिलेल्यांत ८ टक्के, न दिलेल्यांत ३८ टक्के. याउलट कच्च्या अंड्याची भुकटी वापरलेल्या काही प्रयोगांत बाळांना सुरुवातीलाच रिॲक्शन आल्या. अर्धंकच्चं, बलक वाहणारं अंडं बाळाला देऊ नये, ते यासाठीही.

म्हणजे तुमच्या ‘काय टाळू?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं, की अन्न टाळणं हाच या वयातला एक धोका आहे. कातडी उघडी आणि तोंड बंद, अशी जोडी जितकी लांबेल तितकं वाईट.

तुमच्या बाकीच्या दोन काळज्या लवकर मिटवते. सिझेरियननंतर बाळाला आईच्या योनिमार्गातले जंतू मिळत नाहीत, त्याच्या आतड्यातली जंतूंची वसाहत सुरुवातीला वेगळी असते, आणि काही अभ्यासांत अशा मुलांत दम्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. पण मेलबर्नच्या बाळांत प्रत्यक्ष भरवून सिद्ध केलेल्या अन्नॲलर्जीचा आणि सिझेरियनचा संबंध आढळला नाही. ते ऑपरेशन तुम्ही हौसेने केलेलं नाही. त्याचा अपराधभाव बाळगून बाळाला काही मिळणार नाही.

पावडरच्या दुधाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. जपानमधल्या एका प्रयोगात जन्मानंतर किमान पहिले तीन दिवस गाईच्या दुधाची पावडर टाळली, तेव्हा दोन वर्षांच्या वयात दुधाविरुद्धची प्रतिद्रव्यं १६.८ टक्के मुलांत सापडली. जन्मापासून थोडी पावडर दिलेल्यांत हे प्रमाण ३२.२ टक्के होतं. म्हणून युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी पहिल्या आठवड्यात विनाकारण पावडर देऊ नका, असं सुचवलं आहे. दुसरीकडे, जपानमध्येच असंही दिसलं, की एक ते दोन महिन्यांच्या वयापासून रोज थोडं पावडरचं दूध मिळालेल्या बाळांत दुधाची ॲलर्जी कमी झाली. या दोन्हींचा मेळ मी असा घालते: दोन दिवस चाखवून मग महिनोन्‌महिने बंद, हा प्रकार सगळ्यांत गैरसोयीचा. तुमचं बाळ साडेतीन महिन्यांचं झालं आहे आणि अंगावर पितं आहे असं मी धरून चालते. ते तसंच चालू द्या. केवळ ॲलर्जी टाळायला आता पावडर सुरू करायची गरज नाही. वरचं अन्न सुरू झालं की दुधाचे पदार्थ मात्र लवकर येऊ द्या. आणि ज्या आईला पहिल्या दिवशी दूध उतरत नाही, बाळाची साखर उतरते आहे, वजन घसरतं आहे, तिने पावडर द्यावीच. उपाशी बाळासमोर ॲलर्जीचा विचार करायचा नसतो.

ॲलर्जी टाळण्यासाठी म्हणून विकली जाणारी, प्रथिनांचे तुकडे केलेली महाग पावडर घेऊ नका. तिने ॲलर्जी टळते याचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या बाळाला दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली आहे, त्याच्या उपचारात तिची जागा वेगळी. तसंच अंगावर पाजताना तुम्ही स्वतः दूध, अंडी, शेंगदाणे सोडून पथ्य करण्याचीही गरज नाही. बाळंतिणीला आणखी अशक्त करण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही. आईच्या दुधाचे फायदे पुष्कळ आहेत आणि ते सिद्ध आहेत. पण अन्नाची ॲलर्जी ते हमखास रोखतं असं मी म्हणणार नाही, कारण मग ज्या आईच्या बाळाला अंगावर पिऊनही ॲलर्जी होते, ती स्वतःलाच दोष देत बसते.

जंतूंचं बोलायचं तर १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली आणि त्यांना दिसलं, की घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका गवताच्या परागांचा त्रास कमी. तिथून ‘अति स्वच्छते’ची चर्चा सुरू झाली. ती अनेकदा चुकीच्या दिशेने जाते. हात धुणं सोडा, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा २०१६ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. दोघांचं मूळ मध्य युरोपातलं, खाणंपिणं आणि राहणीही बरीच सारखी. आमिश लोक घोड्यांनी शेती करतात, गोठा घरालगत असतो आणि मुलं त्यात वावरतात. हटराइट यंत्रांनी मोठी शेती करतात आणि मुलं गोठ्यापासून लांब असतात. आमिश मुलांत दमा ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. फरक घरातल्या धुळीत होता: आमिश घरांच्या धुळीत जनावरांकडून आलेल्या जंतूंचे अंश कितीतरी जास्त होते. म्हणून घरात आधीपासून कुत्रा असेल तर बाळ येणार म्हणून त्याला बाहेर काढू नका. मोठ्या मुलीला बाळापासून लांब ठेवू नका. बाळ रांगायला लागलं की जमिनीवर रांगू द्या.

याच धाग्यातली एक गोष्ट आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हातातली आहे. अमेरिकेतल्या जवळपास आठ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पहिल्या सहा महिन्यांत ज्यांना आम्ल कमी करणारी औषधं दिली होती, त्यांच्यात पुढे अन्नॲलर्जी दुपटीहून अधिक होती, आणि ज्यांना अँटिबायोटिक मिळालं त्यांच्यात दमा दुप्पट. हा संबंध म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे. दुधाच्या ॲलर्जीने उलट्या करणाऱ्या बाळालाच चुकून आम्लाचं औषध दिलं जातं, असंही होतं. तरी हसतंखेळतं, वजन वाढणारं बाळ नुसतं थोडं दूध बाहेर टाकतं म्हणून त्याला आम्लाचं औषध देऊ नये आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक देऊ नये, एवढं म्हणायला मला तो पुरेसा वाटतो. न्यूमोनिया झाला तर अर्थातच द्यायचं.

धुराबद्दल मात्र माझी भाषा मवाळ नाही. गरोदरपणात आणि नंतर घरात होणारं धूम्रपान बाळाची छाती घुरघुरण्याचा आणि दम्याचा धोका वाढवतं, हे पक्कं आहे. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांना आणि केसांना चिकटून आत येतो. तुम्हाला स्वतःला दमा आहे. या घरात सिगारेट नकोच. ड जीवनसत्त्व, प्रोबायोटिक, माशांचं तेल यांवर उलटसुलट निकाल आहेत. ॲलर्जी टाळायला म्हणून मी त्यांतलं काही लिहून देत नाही. हाडांसाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर ते चालू ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

या आठवड्यात बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि इसबाचं निदान पक्कं करून घ्या. रोज कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, फेस न येणारं सौम्य क्लीन्झर, टिपून कोरडं करून लगेच मॉइश्चरायझर, आणि चट्ट्यांवर सांगितलेलं मलम कातडी बोटांना मऊ लागेपर्यंत. डोळ्यांना बरं दिसलं की आपण थांबतो, तिथे थोडी घाई होते. मलम कसं कमी करत आणायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

बाळाचा इसब तीव्र असेल, किंवा एखाद्या अन्नाने आधीच काही झालं असेल, तर पहिला शेंगदाणा आणि पहिलं अंडं देण्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. ते कातडीची चाचणी करतील आणि गरज वाटली तर पहिला घास त्यांच्यासमोरच भरवतील. ‘लीप’मध्येही ज्यांच्या चाचणीत मोठी गांध उठली होती त्या बाळांना घेतलंच नव्हतं. पण दहा-वीस पदार्थांची एकगठ्ठा रक्ततपासणी करून घेऊ नका. तिच्यात आयजीई नावाची, ॲलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्यं मोजतात, आणि ती असणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. अशा कागदावर खुणा केलेले आठ पदार्थ बंद करून आलेली, वजन घटलेली बाळं मी बघितली आहेत. त्यातले बरेच पदार्थ ती आधी बिनत्रास खात होती आणि बंद केल्यामुळेच पुढे अडचण झाली.

इसब सौम्य असेल, तर सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ मान सावरून आधाराने बसायला आणि आपल्या घासाकडे बघून तोंड उघडायला लागलं की सुरुवात करा. धोका जास्त असेल तर तज्ज्ञ थोडं आधीही सांगतात, पण चार महिन्यांच्या आत नाही. पहिले काही दिवस साधं, मऊ अन्न. मग पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, चमच्याच्या टोकावर मावेल इतकं. दहा मिनिटं थांबून अजून थोडं. शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पाण्यात किंवा दुधात पातळ करून द्या. अख्खा किंवा भरड दाणा पाच वर्षांपर्यंत कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. नवा पदार्थ सकाळी किंवा दुपारी द्या, बाळ बरं असताना, आणि पुढचे दोन तास ते जागं आणि तुमच्या नजरेसमोर असू द्या. सोसला, की आठवड्यातून दोन-तीनदा तो चालूच ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या घरांत बहुतेकांची चूक इथेच होते. एकदा दिलं, काही झालं नाही, आनंद झाला, आणि मग दोन महिने कुणाला आठवण नाही.

तोंडाभोवती जिथे अन्न लागलं तिथेच थोडी लाली आली आणि अर्ध्या तासात गेली, तर बहुधा ती नुसती लागल्याची खूण असते. खाण्याआधी ओठांभोवती मॉइश्चरायझरचा थर लावला तर ती येतही नाही. अंगभर गांधी, पापण्या किंवा ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या, हे ॲलर्जीचं लक्षण समजून तो पदार्थ थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वासाला त्रास, घोगरं रडणं, सततचा खोकला, किंवा बाळ पांढरंफटक पडून गळून जाणं, यातलं एकही दिसलं तर एक मिनिट न दवडता इस्पितळ गाठा. तिथलं औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. घरातलं ॲलर्जीचं सिरप देऊन वाट बघू नका.

राहिली मोठी मुलगी. तिला अंडं चालत नाही म्हणून घरात अंडं येत नसेल आणि म्हणून धाकट्याचंही लांबेल, अशी मला शंका आहे. मोठ्या भावंडाची ॲलर्जी हे धाकट्याला उशिरा देण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण असतं. तिची चाचणी शेवटची कधी झाली? अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते, आणि कितीतरी मुलांना केकमध्ये भाजलं गेलेलं अंडं त्याच्याही आधी सोसतं. धाकट्याला तज्ज्ञांकडे न्याल तेव्हा तिलाही बरोबर न्या आणि तिची तपासणी पुन्हा करून घ्या. तिला चालत नाही असंच ठरलं, तर धाकट्याचं अंडं ती शाळेत असताना भरवा. त्याची वाटी आणि चमचा वेगळे ठेवा. भरवून झालं की त्याचं तोंड, त्याचे हात आणि तुमचे हात साबणाने धुवा, नुसतं पुसून भागत नाही. सांडलेलं ओल्या फडक्याने पुसून ते फडकं लगेच धुवायला टाका. मग ती घरी आल्यावर खुशाल त्याला मांडीवर घेऊ दे.